सिकंदर बेगम : हिशेब हाती घेणारी राज्यकर्ती

(वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी)



आपल्या सीमाभागातील मुलांना इतिहासातील कर्तबगार स्त्रियांची नावे विचारली, तर मराठी वर्गातून जिजाबाई, ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई ही नावे येतील. कन्नड वर्गातून कित्तूरची चन्नम्मा, केळदीची चन्नम्मा, उल्लाळची अब्बक्का ही नावे येतील. पण एखाद्या मुस्लिम राज्यकर्त्या स्त्रीचे नाव विचारले, तर दोन्ही वर्गांतून बहुधा एकच उत्तर मिळेल : चांदबिबी. ते उत्तर योग्यच आहे. विजापूरच्या अली आदिलशहाची ही राणी. १५८० नंतर तिने बालवयातील इब्राहिम आदिलशहाच्या वतीने विजापूरचा कारभार पाहिला आणि १५९५-९६ मध्ये माहेरी अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. कानडी मुलूख आणि मराठी मुलूख, दोन्ही तिला आपली मानतात. १६०० मध्ये तिचा अंत झाला. त्यानंतरचे एखादे नाव मात्र आपल्याला चटकन आठवत नाही. मलाही गेल्या उन्हाळ्यापर्यंत आठवत नव्हते.

माझे वडील इकडचे, पण आई माळव्याची. तिचे माहेर मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात टोंकखुर्द येथे आहे. आपल्याकडे गावांच्या नावांना बुद्रुक आणि खुर्द लागते, त्यातलेच हे खुर्द, म्हणजे धाकटे. पवारांच्या बरोबर जी मराठी घरे माळव्यात गेली त्यांपैकी आजोबांचे घर. आधी धार, मग देवास आणि शेवटी शेतीसाठी टोंकखुर्द, असा त्यांचा प्रवास झाला. घरात मराठी, अंगणात माळवी, बाजारात हिंदी. सगळी काळी जमीन; पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू आणि हरभरा. आजोळी गेले की एखादी फेरी भोपाळला होतेच. देवासहून निघालेला हमरस्ता सोनकच्छ, आष्टा, सीहोर करीत भोपाळला जातो. आष्टा जवळ आले की आजोबा दर वेळी म्हणत, "चला, बेगमचं राज्य लागलं." मला लहानपणी वाटायचे की ही कुणी तरी गोष्टीतली बेगम असावी.

गेल्या उन्हाळ्यात तिथे एक साधासा प्रसंग घडला आणि या लेखाची सुरुवात तिथे झाली. आईची एक चुलतबहीण, म्हणजे माझी मावशी, जवळच्या एका खेड्याची सरपंच आहे. आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. ओसरीवर चार माणसे बसली होती. ती काकांना 'सरपंचसाहेब' म्हणत होती आणि काका त्यांना उत्तरे देत होते. मावशी आत पोळ्या लाटत होती. थोड्या वेळाने एकजण वही घेऊन आत आला, मावशीने पीठ लागलेला हात पुसला, दाखवलेल्या जागी सही केली आणि वही परत गेली. मी विचारले, "मावशी, कशावर सही केलीस?" ती हसली आणि म्हणाली, "अगं, ते हिशेबाचं काही तरी असतं. मला कुठे कळतं त्यातलं?"

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. न वाचता सही करणे म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मला राहवले नाही, पण तिथे काही बोलताही आले नाही. रात्री आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या मावशीला बेगमची गोष्ट सांगायला हवी." मग ती गोष्ट मीच आधी ऐकली आणि परत आल्यावर आपल्या वाचनालयात मिळेल तेवढी वाचली. तीच येथे मांडत आहे.

१. पार्श्वभूमी

भोपाळचे राज्य अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोस्त मोहंमद खान या पठाण सरदाराने स्थापन केले. त्याच सुमारास मराठे माळव्यात उतरले. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळजवळ कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये सीहोरजवळच्या दोराहा येथे तह होऊन माळव्यावरील मराठ्यांचा अंमल पक्का झाला. धारला एक पवार घराणे आणि देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा पवार बंधूंची थोरली पाती आणि धाकटी पाती, इंदूरला होळकर, ग्वाल्हेरला शिंदे. या सर्व मराठी संस्थानांच्या मध्ये भोपाळ हे पठाणांचे राज्य उरले. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला कित्येक महिने वेढा घातला, पण वजीर मोहंमद खानाने शहर राखले. पुढे १८१८ मध्ये त्याचा मुलगा नजर मोहंमद खान याने इंग्रजांशी तह केला. टोंकखुर्दच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर भोपाळ म्हणजे रस्त्यावरचे पुढचे राज्य. कधी शत्रू, कधी शेजारी.

२. आईची हिंमत

१८१९ मध्ये नजर मोहंमद पिस्तुलाची गोळी लागून अपघाताने मरण पावला. मागे विशीच्या आतबाहेरची विधवा, कुदसिया बेगम आणि तिची सुमारे सव्वा वर्षाची मुलगी सिकंदर. घराण्यातले पुरुष दावेदार गादीकडे डोळे लावून बसलेले. अशा वेळी या तरुण विधवेने सरदार आणि नातलग यांच्यासमोर जाहीर केले की राज्याची वारस आपली मुलगी आहे आणि ती मोठी होईपर्यंत कारभार आपण पाहू. सर्वांनी ते मान्य केले, इंग्रजांनीही ते उचलून धरले.

कन्नड विभागाच्या वाचकांना येथे कित्तूरची आठवण होईल. १८२४ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांनी, कित्तूरच्या गादीचा वारस कोण हाच प्रश्न उभा राहिला. दत्तक पुत्राला धारवाडच्या थॅकरेने मान्यता नाकारली आणि राणी चन्नम्मा लढल्या. थॅकरे पडला, पण पुढे किल्ला गेला आणि १८२९ मध्ये राणी बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. दोन्ही ठिकाणी एक विधवा आणि वारसाचा प्रश्न. एकीकडे कंपनीने 'होय' म्हटले, दुसरीकडे 'नाही'. कुदसिया बेगमांचे कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. पण कंपनीला जेथे सोयीचे तेथेच ती न्यायी, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते, कारण पुढे सिकंदर बेगमांच्या चरित्रात हाच प्रश्न पुन्हा येणार आहे.

३. नवाब कोण? नवरा की वारस?

१८१९ च्या व्यवस्थेत एक मोठी खोच होती. मुलगी वारस खरी, पण तिचे लग्न झाले की तिचा नवरा नवाब होईल असे ठरले होते. म्हणजे राज्य तिच्या नावाने चालत येऊन हातात मात्र नवऱ्याच्या पडायचे. १८३५ मध्ये सिकंदरचे लग्न जहांगीर मोहंमद खान या चुलतभावाशी झाले. आधी सासू आणि जावई यांच्यात सत्तेसाठी झगडा झाला, आणि १८३७ मध्ये इंग्रजांनी जहांगीरला नवाबपदी बसवून कुदसिया बेगमांना बाजूला केले. नवराबायकोचे तर कधी पटलेच नाही. सिकंदर गरोदर असताना नवऱ्याने तिच्यावर तलवार चालवली. ती वाचली आणि आईसह इस्लामनगरच्या किल्ल्यात जाऊन राहिली. तेथेच १८३८ मध्ये मुलगी शाहजहान हिचा जन्म झाला.

जहांगीर १८४४ मध्ये वारला. शाहजहानला राज्याची वारस मानण्यात आले, पण ती सहा वर्षांची. कारभारासाठी कुदसिया बेगमांचे बंधू फौजदार मोहंमद खान यांना नेमले गेले. सिकंदर हक्काची वारस, शिवाय वारसाची आई, तरी कारभारी दुसराच. दोघांचे जमणे शक्यच नव्हते. १८४७ मध्ये फौजदार मोहंमद बाजूला झाले आणि सर्व अधिकार सिकंदर बेगमांच्या हाती आले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते.

येथून पुढे त्यांनी एक मुद्दा कधी सोडला नाही. खुद्द इंग्लंडची गादी व्हिक्टोरिया राणी चालवते, तिचा नवरा राजा होत नाही. मग भोपाळच्या वारसाचाच नवरा नवाब का व्हावा? १८५५ मध्ये शाहजहानचे लग्न झाले तेव्हा जावयाला नवाब ही नुसती पदवी मिळाली, सत्ता नाही. अखेर १८६० मध्ये मुलीच्या संमतीने सिकंदर बेगम स्वतःच्या हक्काने भोपाळच्या राज्यकर्त्या म्हणून मान्य झाल्या. १८१९ मध्ये तान्ह्या मुलीला दिलेले वचन ४१ वर्षांनी पुरे झाले.

४. राज्याचा ताळेबंद

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा १८४७ नंतरचा कारभार. घोड्यावर बसणारी, पडदा न पाळणारी, शस्त्र चालवणारी बेगम, असेच त्यांचे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. ते खरेही आहे. लुई रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १८६७ मध्ये त्यांना भोपाळला पाहिले आणि त्यांच्या पुरुषी पोशाखाचे वर्णन केले. पण घोड्यावर बसून राज्याचे कर्ज फिटत नाही. ते त्यांनी कसे फेडले, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने पाहावे.

त्यांच्या हाती आलेले राज्य कर्जबाजारी होते आणि वसुलाची पद्धत मक्त्याची, तिकडच्या भाषेत इजाऱ्याची होती. मक्ता म्हणजे काय हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एका परगण्याचा वसूल दहा हजार रुपये आहे. दरबार तो वसूल करण्याचा हक्क एखाद्या माणसाला सात हजारांना देतो. दरबाराला रोख रक्कम मिळते आणि डोकेदुखी संपते. मक्तेदाराने ते सात हजार बहुधा सावकाराकडून व्याजाने आणलेले असतात. मुद्दल, व्याज आणि नफा, सारे त्याला मुदतीच्या आत रयतेकडून काढायचे असते. म्हणून तो दहाऐवजी बारा हजार काढतो. विहीर बुजली, बैल विकले गेले, कुळ गाव सोडून गेले, त्याचे त्याला काय? पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्याचा. यात रयत बुडतेच, पण दरबारही बुडतो. आपल्या जमिनीचे खरे उत्पन्न किती, हे दरबाराला कधी कळतच नाही. ज्याला स्वतःचे उत्पन्न माहीत नाही त्याला अंदाजपत्रक करता येत नाही, आणि ज्याला अंदाजपत्रक करता येत नाही तो कर्ज काढतो.

सिकंदर बेगमांनी हा मक्ता मोडला आणि गावोगावच्या मुख्य माणसांशी दरबाराचा सरळ करार केला. मधला माणूस गेला. राज्याचे तीन जिल्हे आणि एकवीस परगणे पाडून प्रत्येक ठिकाणी जबाबदार अंमलदार बसवला आणि जमिनीची मोजणी करवली. मौलवी जमालुद्दीन खान यांच्यासारखा कर्तबगार मंत्री त्यांना लाभला, पण त्या स्वतःही मुलखात फिरत आणि काम डोळ्यांनी पाहत.

दुसरी गोष्ट व्यापाराची. कित्येक धंद्यांचे आणि कारागिरीचे एकहाती हक्क पैसे भरून घेतलेल्या माणसांकडे होते. एकच विकणारा असला की भाव तो म्हणेल तो, हे आपण अर्थशास्त्रात शिकतोच. बेगमांनी हे मक्ते बंद केले. तिसरी गोष्ट टाकसाळीची. ती त्यांनी आपल्या देखरेखीखाली घेतली. नाणे पाडण्याचे काम परक्याच्या हाती राहिले तर नाण्यातील चांदी कमी होण्याची भीती असते, मग बाजारात त्या नाण्याला बट्टा बसतो आणि तोटा शेवटी आठवड्याच्या बाजारात धान्य विकणाऱ्याचा होतो. याच जोडीला त्यांनी पोलीस व्यवस्था नव्याने बांधली. दरबारी कामात फारसीच्या जागी उर्दू आणली. त्यामुळे हुकूम काय आहे हे अधिक लोकांना कळू लागले. ज्यांचे शिक्षण आईच्या भाषेत झाले आहे त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

याचा परिणाम असा झाला की सहा वर्षांत राज्याचे सर्व कर्ज फिटले. ना कोणती स्वारी, ना लूट. गळती बंद केली, एवढेच.

माळव्याच्या लोकांना हे ऐकून अहिल्याबाईंची आठवण होते. महेश्वरला बसून अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ पर्यंत जो कारभार केला, त्यातही दौलतीच्या हिशेबावर त्यांची करडी नजर असे. नर्मदेकाठची ती हिंदू विधवा आणि भोपाळच्या तळ्याकाठची ही मुस्लिम विधवा. दोघींनी कागद स्वतः पाहिले, म्हणून दोघींचा शब्द चालला.

५. नावेची बाजू

जमाखर्चात फक्त जमा बाजू लिहून चालत नाही. सिकंदर बेगमांच्या खात्यात नावेची बाजूही आहे आणि ती १८५७ ची आहे.

१ जुलै १८५७ ला इंदूरची रेसिडेन्सी उठावात गेली. तेथील इंग्रज अधिकारी ड्युरंड आपल्या माणसांसह आष्ट्याच्या वाटेने सीहोरला पळाला. म्हणजे माझ्या आजोळच्या मुलखाजवळूनच तो गेला. बेगमांनी इंग्रजांना सुखरूप पुढे जाऊ दिले आणि शेवटपर्यंत त्यांची बाजू धरली. पण त्यांच्या राज्यात सर्वांचे मत तसे नव्हते. सीहोरच्या पलटणीने ऑगस्टमध्ये उठाव करून 'सिपाही बहादूर' या नावाने आपले सरकार जाहीर केले. त्यात वली शाह आणि महावीर कोठ, म्हणजे मुसलमान आणि हिंदू दोघेही पुढारी होते. खुद्द कुदसिया बेगमांची सहानुभूती उठावाकडे होती. जानेवारी १८५८ मध्ये जनरल ह्यू रोज सीहोरला आला आणि त्याने शंभराहून अधिक शिपायांना गोळ्या घातल्या. हाच ह्यू रोज तेथून पुढे झाशीला गेला. लक्ष्मीबाईंचे नाव घेताना आपला ऊर भरून येतो, तेव्हा झाशीवर गेलेल्या त्या फौजेला वाटेत भोपाळ दरबाराने मदत केली होती, हेही माहीत असले पाहिजे.

आता धारचे पाहा. १८५७ मध्ये धारचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि संस्थान जप्त केले. १८६० मध्ये ते बालराजा आनंदराव पवारांना परत मिळाले, पण बेरसिया परगणा वगळून. तो परगणा इंग्रजांनी बक्षीस म्हणून सिकंदर बेगमांना दिला. बेरसिया आजही भोपाळ जिल्ह्यातच आहे. भोपाळच्या खात्यात जी रक्कम जमा, ती धारच्या खात्यात नावे. द्विनोंदी पद्धतीचे इतके कठोर उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळाले नाही. आजोबांच्या घराण्याचे मूळ धारचे. त्यांना मी विचारले, "मग तुम्ही बेगमचं कौतुक का करता?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "परगणा गेला तो गेला. पण तिनं तो चांगला चालवला, हेही खोटं नाही."

त्यांनी इंग्रजांची बाजू का घेतली? एक तर १८१८ चा तह होता आणि चोहोबाजूंनी मोठी संस्थाने होती. दुसरे असे की स्वतःच्या नावाने राज्य मिळावे हा त्यांचा दावा इंग्रजांच्या सहीवाचून पुरा होणार नव्हता. १८६० मध्ये ती सही मिळाली आणि १८६१ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' हा किताबही मिळाला. तो मिळालेल्या पहिल्या काही राज्यकर्त्यांत त्या एकट्याच भारतीय स्त्री होत्या. हा सन्मान ज्या किमतीला आला ती किंमत सीहोरच्या शिपायांनी दिली, असे माझे मत आहे. थोर व्यक्तीचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकली, तर तो हिशेब खोटा ठरेल.

६. मक्केचा प्रवास

१८६३ च्या अखेरीस सिकंदर बेगम हजला निघाल्या. बरोबर आई कुदसिया आणि मोठा लवाजमा होता. मुंबईहून जहाजाने त्या जिद्दाला गेल्या. गादीवर असताना हज करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय राज्यकर्त्या मानल्या जातात. परत आल्यावर त्यांनी प्रवासाची हकीकत उर्दूत लिहिली आणि तिचे इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये लंडनला छापले गेले.

या हकीकतीतही त्यांची हिशेबी नजर दिसते. जिद्दाच्या जकात अंमलदारांनी सामानाची झडती घेऊन जकात मागितली, त्याची तक्रार त्यांनी नोंदवली. रस्त्यांची अस्वच्छता आणि कारभारातील ढिलाई यांवर स्पष्ट मत दिले. पवित्र स्थळाविषयीची त्यांची श्रद्धा पूर्ण होती, पण श्रद्धा आहे म्हणून तेथील अंमलदारांचा गैरकारभार पोटात घालावा, असे त्यांना वाटले नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी बंद केलेली दिल्लीची जामा मशीद पुन्हा उघडण्यामागे त्यांची खटपट होती, असेही सांगितले जाते. भोपाळची मोती मशीद त्यांनीच बांधली. मुलींसाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने शाळाही त्यांनी काढली. ३० ऑक्टोबर १८६८ ला त्यांचे निधन झाले.

७. वारसा

त्यांच्यानंतर मुलगी शाहजहान बेगम १९०१ पर्यंत गादीवर होत्या. भोपाळची भव्य ताज-उल-मसाजिद त्यांनी सुरू केली. पैशाअभावी ती अर्धवट राहिली आणि लोकांच्या प्रयत्नाने १९७१ नंतर काम पुन्हा सुरू होऊन १९८५ मध्ये पुरी झाली. आजी कुदसिया बेगमांनी शहराला नळाचे पाणी दिले. शाहजहान यांच्या कन्या सुलतान जहान बेगम १९०१ ते १९२६ पर्यंत राज्यकर्त्या होत्या. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती त्या झाल्या. ज्या काळात बहुतेक घरांतून मुलीला शाळेत पाठवायला आईबाप कचरत होते, त्या काळात एक स्त्री विद्यापीठाची कुलपती होती, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयातील मुलींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२८ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या दिल्ली अधिवेशनाच्या अध्यक्षाही त्याच होत्या. १८१९ ते १९२६ म्हणजे १०७ वर्षे. मधली जहांगीरची थोडी वर्षे सोडली तर एवढा काळ एका मुस्लिम संस्थानाची सूत्रे आई, मुलगी, नात आणि पणती अशी चार पिढ्या स्त्रियांच्या हाती राहिली.

१९४९ मध्ये भोपाळ संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि १९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले. आता राज्य वारसाने मिळत नव्हते, मताने मिळत होते. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत भोपाळने मैमूना सुलतान यांना निवडून दिले आणि १९६२ मध्ये पुन्हा दिले. दिल्लीच्या लोकसभेत पोहोचलेल्या अगदी पहिल्या मुस्लिम स्त्रियांपैकी त्या एक. पुढे त्या राज्यसभेतही होत्या. आपल्या वाचकांसाठी एक गमतीची माहिती : १९६७ मध्ये याच भोपाळमधून आपल्या नरगुंदचे जगन्नाथराव जोशी निवडून आले होते. ज्या शहराला बेगमांचा अंमल अंगवळणी पडला होता, त्याला मत देताना बाई कोण, परमुलखाचा कोण, याचे फार अप्रूप वाटले नसावे.

८. समारोप

आता पुन्हा मावशीकडे येते. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. मध्य प्रदेशात पुढे त्या निम्म्या झाल्या. मावशी त्यामुळेच सरपंच होऊ शकली. पण नावावर पद तिचे आणि कारभार काकांचा, हा प्रकार मला १८१९ च्या करारासारखाच वाटतो. तेव्हा वारस मुलगी आणि नवाब नवरा. आता सरपंच बायको आणि 'सरपंचसाहेब' नवरा. काका वाईट माणूस मुळीच नाहीत. त्यांना ही रीतच योग्य वाटते आणि मावशीलाही तशीच सवय झाली आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मावशीला सिकंदर बेगमची गोष्ट सांगितली. लढायांचे फारसे सांगितले नाही, मक्त्याचे सांगितले. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझी सही पण मक्त्यानं दिलीय म्हण की." मला हे सुचले नव्हते, ते तिला सुचले. मग आम्ही दोघींनी रोकडवही उघडली. डावीकडे काय, उजवीकडे काय, पावती कुठे लावायची, शिल्लक कशी काढायची, एवढेच तिला दाखवले. तासाभरात तिने एका नोंदीवर बोट ठेवून विचारले, "याची पावती कुठाय?" पावती होती, दुसऱ्या पानात सरकली होती. गैर काही नव्हते. पण तो प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. काका दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांना ते फारसे आवडले नाही, हे मात्र दिसत होते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. वही आता रात्री तिच्याकडे ठेवावी लागते आणि सही दुसऱ्या दिवशी वाचून होते, असे ती म्हणाली. "काका काय म्हणतात?" असे मी विचारले, तर म्हणाली, "आधी चार दिवस बोलत नव्हते. आता पावत्या लावून आणतात."

मित्रमैत्रिणींनो, वाणिज्य शाखा म्हणजे नोकरीची शाखा, तिला इतिहासाशी काय करायचे, असे आपल्याकडे म्हणतात. सिकंदर बेगमांचे चरित्र वाचल्यावर मला तसे वाटत नाही. त्यांनी ज्या चुका केल्या त्या मोठ्या होत्या आणि त्या आपण लपवू नयेत. पण राज्य नावाने मिळाले म्हणून हाती येत नाही, त्याचा हिशेब हाती घ्यावा लागतो, हे त्यांना तिशीतच कळले होते. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या नावावर उद्या दुकान असेल, शेत असेल, संस्थेचे पद असेल, कदाचित सरपंचपदही असेल. त्या वेळी कोणी वही पुढे केली आणि "येथे सही करा" म्हटले, तर हात पुसावा, वही आपल्याकडे ओढून घ्यावी आणि पहिल्या पानापासून वाचायला बसावे.